हीटरची गार हवा

आईला धाप लागली होती, म्हणून मे महिन्याच्या भर दुपारी मी तिला गाडीत बसवून मुरबाड रस्त्यावरच्या आमच्या गावाहून शहापूरच्या दवाखान्यात निघालो होतो.

महिनाभर त्या गाडीने माझा जीव खाल्ला होता. इंजिन तापायचं, काटा चढायचा, पण गाडीखाली पाण्याचा थेंब दिसायचा नाही. कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, बाटली रोज भरलेलीच. एका मेकॅनिकने पंखा बदलला, दुसऱ्याने पंप, आणि दोघंही छातीठोकपणे म्हणाले, "आता बघायलाच नको."

चढणीला काटा पुन्हा लाल रेघेला टेकला. आसपास ना सावली, ना घर. अशा वेळी आमच्याकडचे जीपवाले एसी बंद करून हीटर फुल सोडतात. इंजिनाची गरमी आत येते आणि गाडी कशीबशी पुढे जाते. मीही तेच केलं. आईच्या तोंडावर भट्टीसारखी हवा आली.

"जीव घेतोस का रे माजा?"

"गप बस ना गो आये!" मी तिच्यावरच खेकसलो.

थोड्या वेळाने हवा कोमट झाली, मग चक्क गार. हीटरला गरमी मिळते ती इंजिनातल्या पाण्याची. म्हणजे बाटली भरलेली होती, पण इंजिनात पाणीच उरलं नव्हतं.

आईने डोळे मिटले. "आता कसं बरं वाटतं," ती म्हणाली. "मगाशीच का नाय लावलास?"

इंजिन ठोके द्यायला लागलं होतं. मी हीटर चालूच ठेवला.