मागे ठेवलेली चार जहाजं

सिप्रियन डाबरे भित्रा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मूळचा वसईचा, राहायला शारजात अल मजाजला, नोकरी रास अल खैमाच्या बंदरात. भर समुद्रात नांगरून उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांना पाणी आणि किराणा पोचवणारी एक कंपनी होती. तिच्या कुठल्या बोटीवर कोण जाणार, हे सिप्रियन ठरवायचा. स्वतः मात्र बोटीत पाय ठेवायला तयार नसायचा! आणि अशा माणसाला वेड कसलं, तर युद्धनौकांचं.

वेड आजोबांमुळे लागलं. दुसऱ्या महायुद्धात आजोबा इंग्रजांच्या एका युद्धनौकेवर स्टुअर्ड होते, म्हणजे जेवणखाण बघायचे. त्यांच्या घरात ईस्टरला आधी बुडालेल्या खलाशांसाठी प्रार्थना व्हायची, मगच पानं वाढायची. मराठी मंडळाच्या मनोरमाताईंना हे कळलं आणि त्यांनी गळच घातली, "सिप्रियनभाऊ, एकदा बोलाच त्यावर!"

हा हो म्हणाला आणि नेमकं त्याच आठवड्यात आखातात युद्धाचं वातावरण तापलं. होर्मुझच्या बाजूला बोटींचे जीपीएस वेड्यासारखे वागू लागले. बोट समुद्रात आणि स्क्रीनवर दिसते विमानतळावर! सिप्रियन साहेबाला म्हणाला, "सर, ही ट्रिप कॅन्सल करूया." साहेब म्हणाला, "हबीबी, कस्टमर वाट बघतोय. यल्ला, निघा!" खलास. आणि त्या ट्रिपला सेकंड मेट, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी म्हणून पाळी होती गॅविनची. गॅविन म्हणजे सिप्रियनचा एकुलता एक मुलगा.

झोप कसली लागते! सकाळी त्याने गॅविनला सांगितलं, तुझं ट्रेनिंग लागलंय. दाभोळच्या खैरुद्दीनला फोन केला, गॅविन तापाने फणफणलाय, तू जा. खैरुद्दीनची खरं तर सुट्टी होती. "टेन्शन घेऊ नका साहेब, त्याला आराम करू द्या," म्हणून तो बिचारा गेलासुद्धा.

शनिवारी संध्याकाळी भाषणाला निघताना ऑफिसचा फोन आला. बोट रेडिओला उत्तर देत नाही. सिप्रियनला जावंसंच वाटेना. पण भाषण रद्द केलं तर गॅविन कारण विचारणार! म्हणून हा पठ्ठ्या मुकाट्याने गाडीत बसला. गाडी गॅविनच चालवत होता.

हॉल भरलेला होता. सिप्रियन घोट घोट पाणी पीत बोलू लागला. "एकोणीसशे बेचाळीसचा एप्रिल. हिंदी महासागरात इंग्रजांचा ताफा, त्यात चार म्हाताऱ्या युद्धनौका. वेग कमी, प्यायचं पाणीसुद्धा पुरेना. समोरून जपानी विमानवाहू जहाजं येतायत. ॲडमिरलने या चौघींना मालदीव बेटांमधल्या एका गुप्त बंदरात नेलं आणि पुढे थेट आफ्रिकेच्या किनाऱ्याला पाठवून दिलं. पळाले, असं लोक म्हणाले. पण त्यांतल्याच एकीवर असलेले माझे आजोबा वाचले. त्याआधी दोन क्रूझर, म्हणजे वेगवान लढाऊ जहाजं, कामासाठी कोलंबोला पाठवल्या होत्या. त्या परत ताफ्याला मिळायला निघाल्या आणि ईस्टरच्या रविवारी विमानांनी त्यांना गाठलं. दोन्ही बुडाल्या. चार दिवसांनी एक विमानवाहू जहाजही गेलं. तेही असंच वेगळं पाठवलेलं."

पुढच्या रांगेतून अस्मी नावाच्या एका मुलीने हात वर केला. दहा वर्षांची असेल. "अंकल, हू डिसायडेड? कोण जाणार आणि कोण मागे राहणार?"

"ॲडमिरलने," सिप्रियन म्हणाला.

"वॉज ही स्केअर्ड?"

सिप्रियनने समोर पाहिलं. दुसऱ्या रांगेत गॅविन बसलेला, धडधाकट, हसतोय. देवा, मी हे काय करून बसलो! त्याने हात जोडले आणि सरळ बाहेर पडला. लोकांना वाटलं, आजोबांच्या आठवणीने गहिवरला.

गॅविन मागोमाग आला. "डॅड, व्हॉट हॅपन्ड?" तेवढ्यात फोन वाजला. खैरुद्दीन! घाईघाईत स्पीकर कधी लागला, हे सिप्रियनला कळलंही नाही.

"साहेब, पोचलो! जीपीएस गेला, रेडिओ गेला. एका टँकरच्या अगदी नाकासमोरून वाचलो. कॅप्टनने किनारा धरून बोट उम्म अल कुवैनला आणली. पण माल तसाच राहिला, उद्या परत जायचं म्हणतायत. मी जातो, काळजी करू नका. गॅविनचा ताप उतरला का?"

गॅविनचं हसू पार मावळलं. त्याने बापाकडे पाहिलं, मग नजर काढून घेतली.

हो उतरतोय, जा तू, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. सिप्रियनच्या जिभेवर ते आलंही होतं.

"खैरुद्दीन," तो म्हणाला, "गॅविनला ताप नव्हता. मी घाबरलो रे. म्हणून तुला पाठवलं."

खैरुद्दीन हळूच म्हणाला, "साहेब, दुपारी माझा फोन लागेना, तेव्हापासून अम्मी नमाजाच्या चटईवरून उठली नाहीये."

सिप्रियनला रडू कोसळलं. भीती काही कमी झाली नव्हती, उलट आता तर ती वाढलीच होती. तरी तो म्हणाला, "तू घरी जा. उद्या गॅविन येईल."

फोन बंद झाला. आता गॅविन चिडेल, भांडेल, नाही जात म्हणेल, निदान एवढं तरी होऊ दे, असं सिप्रियन मनात म्हणत राहिला.

"ओके, डॅड," गॅविन म्हणाला. "व्हॉट टाइम?"

सिप्रियनला वेळ तोंडपाठ होती. तरी तो फोनमध्ये ती शोधत बसला.