फेसाची राखणदारीण

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की पवनानगरजवळच्या एका कॅम्पवर आम्ही चार पुणेकर एका बेडकीपायी बिनआंघोळीचे राहिलो.

आंघोळीच्या पाण्याच्या ड्रमवर झाडाची फांदी वाकली होती आणि तिला पांढऱ्या फेसाचा गोळा चिकटला होता. कुणीतरी दाढीचा साबण झटकला असेल, म्हणून मी तो पुसायला हात पुढे केला.

"ओ भाऊ! हात लावू नगा!" तंबू झाडणारी मावशी खराट्यासकट धावत आली. "बेडकीचं घर हाय त्ये!"

तिचं नाव विचारायचं राहून गेलं, कारण ती मला बोलूच देईना. बोटानं काही दाखवणं तिला ठाऊक नव्हतं, सगळं हनुवटीनं. पदर खोचून, दोन्ही पाय आळीपाळीनं मागे झाडत तिनं बेडकी फेस कसा घुसळते ते करून दाखवलं.

"वरनं सुकतं, आत अंडी वली ऱ्हात्यात. पिल्लं झाली की खाली पाण्यात पडत्यात. पाणी कुटं हाय ते बेडकीला कळतं, तुमाला न्हाई?"

मग बादली पालथी घालून ती ड्रमाला टेकून बसली.

मॅनेजर तणतणत आला. "मावशी, उठा. ड्रम पलीकडे न्यायचाय, पाहुणे खोळंबलेत."

"न्या की. पोरं पडू द्या मातीत."

त्यानं ड्रमाला हात घातला, तेवढ्यात फेसातून एक थेंब ओघळला आणि पाण्यात पडताच शेपटी हलवत पोहू लागला. पाठोपाठ दुसरा. मॅनेजरनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या आमच्यावर ओरडला, "मागं सरका सगळे! हितं बाळंतपण चाललंय!"