चिठ्ठीवरची सही

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही नाही म्हणा. मी बँकेत चेकवरच्या सह्या ताडून बघणारी बाई. डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं मानते.

ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. लखनऊला अलीगंजमध्ये मी आणि माझा थोरला भाऊ, दोघंच राहायचो. दादाची दारू हाताबाहेर गेली, तेव्हा मीच त्याला मागच्या खोलीत कोंडलं. बाटली बंद म्हणजे बंद. खिडकीला गज, किल्ली माझ्या पर्समध्ये. तिसऱ्या दिवशी सकाळी तो दाराआडून म्हणाला, "सुमे, अंग माझं ऐकत नाहीये गं."

मी म्हटलं, अजून दोन दिवस कळ काढ. आणि गेले कुठे, तर मेडिकल लायब्ररीत, व्यसन कसं सुटतं याचे लेख शोधायला! आधी कोंडलं, मग वाचायला गेले. आमच्या घरात शहाणी म्हणून मीच प्रसिद्ध.

एका लेखाच्या शेवटी दुसऱ्याचा संदर्भ सापडला — घरच्या घरी दारू सोडवण्याबद्दल. तिथली पद्धत अशी, की जर्नलचा खंड काढला की त्याच्या जागी आपली चिठ्ठी ठेवायची. रॅकवर खंड नव्हता, चिठ्ठी होती. खंड, पान, त्याच दिवसाची तारीख... आणि खाली दादाची सही. नावाखाली दोन रेघा, दुसरी अर्धवट सोडलेली.

भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. लायब्रेरियन म्हणाले, "कोई पढ़ रहा होगा मैडम, थोड़ा रुक लीजिए."

मी थांबले. चिठ्ठी हातात धरून पाच वाजेपर्यंत बसले, दादाचं वाचून व्हायची वाट बघत.

घरी कुलूप जसंच्या तसं होतं. आत दादा दाराशीच पडलेला, गार. डॉक्टर म्हणाले, झटके आले असावेत, रोजची दारू अशी एकदम तोडायची नसते. मी "अच्छा" म्हटलं.

तेरावा झाल्यावर पुन्हा लायब्ररीत गेले. खंड जागेवर होता. त्या पानावर डॉक्टरांचंच म्हणणं छापलेलं होतं, पहिल्याच परिच्छेदात. दादाचा फोटो दाखवला, तर लायब्रेरियन म्हणाले, हे कधीच इथे आले नाहीत.

चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. दादाच्या जुन्या चेकशेजारी ठेवून कितीदा ताडली. कुणाला उलगडा होत असेल तर सांगा, मला होत नाही. बँकेत समोर आली असती तर ही सही मी डोळे झाकून पास केली असती. त्या दिवशीही ओळखलीच होती... फक्त उठून घरी गेले नाही.