जुन्यांचा ग्रुप

आमच्या निंबोल्यात, बुऱ्हाणपूरजवळ, केळीच्या गाडीचा नंबर फोनवर लागायचा. आज कोणाची कापणी, उद्या कोणाची, हे आप्पा रोज सकाळी ग्रुपवर टाकायचे आणि व्यापाऱ्याची गाडी मुकाट त्याच क्रमाने शेतांत जायची. आप्पा गावातले मोठे बागायतदार. ग्रुप त्यांनीच काढला होता. त्यात त्यांचे भाऊबंद, व्याही आणि जुने दोस्त होते. आम्हा लहान बागायतदारांचा ग्रुप वेगळा होता. मग व्यापारी म्हणाला, मला दोन-दोन ठिकाणी डोकं लावायला जमत नाही, दोन्ही एक करा. म्हणून आमची अख्खी वरात आप्पांच्या ग्रुपात जाऊन बसली.

पहिल्याच दिवशी ग्रुपवर आप्पांचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. "नव्या मंडळीचं स्वागत आहे. पण एक बात समजून घ्या. पहिलं पीक निघेपर्यंत राम राम लिहायचं, नंबर पाहायचा आन् गप बसायचं. आम्हीबी असेच शिकलो." ग्रुप यांनीच काढलेला, मग यांना शिकवायला कोण बसलं होतं देव जाणे. आमच्याकडच्या सगळ्यांनी राम राम लिहिलं. मीही लिहिलं.

मी म्हणजे, फोन नवऱ्याचा होता, नंबर नवऱ्याचा होता, लिहायची मी. मी बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातली, दुकानदाराची मुलगी. गिऱ्हाइकाशी भांडतच मोठी झालेली. नवरा अगदी उलटा, बोलायला लागलं तरी त्याला घाम फुटायचा. "ते बारीक बारीक दाबायचं मला जमत नाही, तूच लिही," असं म्हणून फोन माझ्याकडे द्यायचा.

त्या उन्हाळ्यात आमचे घड भरून आले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, केळीचा घड हिरवा असतानाच कापून गाडीत जातो. झाडावर पिवळा पडला की व्यापारी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही, वर्षभराची मेहनत मातीत. आमचा नंबर तिसरा लागला होता. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पाचवा. कोणीतरी लिहायचं, "आप्पा, आमचं मधे घ्या," आणि आप्पा लिहायचे, "बरं." असं रोज चाललं. नवे सगळे मागे मागे सरकत होते आणि राम राम लिहीत होते.

मी आधी नीट लिहिलं, की आप्पा, आमचा माल थांबणारा नाही, मेहरबानी करा. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, "नंबर लावायचाच नसेल तर ग्रुप कशाला? आप्पांच्या व्याह्यांचा माल सोन्याचा आहे का?" नव्यांपैकी सात-आठ जणांनी त्यावर अंगठे टाकले. मला फार बरं वाटलं. मग आप्पांचा पुतण्या गरजला, आईबहिणीवरून शिव्या देत, आणि पाहता पाहता सगळे अंगठे काढले गेले. थोड्याच वेळात आम्हालाही काढलं गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं मळ्यात होतो. चार जण बांधावरून आले, पुढे तोच पुतण्या. त्यांनी सोबत हत्यार आणलं नव्हतं. केळीच्या झाडाला घडाचं वजन पेलत नाही, म्हणून बांबूचा टेकू लावतात. त्यांनी आमच्याच झाडांचे टेकू ओढून काढले. टेकू ओढला की झाड कडकन मोडायचं आणि भरलेला घड खाली आपटायचा, आणि तोच बांबू नवऱ्याच्या पाठीत बसायचा. पाठीवर, पोटऱ्यांवर, पडल्यावर बरगड्यांवर. तो ओरडलासुद्धा नाही. हातांनी डोकं झाकून पडून राहिला.

मग पुतण्या म्हणाला, "डोकं सोडा. उजवा हात धरा याचा. फार लिहितो ना?"

दोघांनी त्याचा हात ओढून पाटाच्या कडेच्या दगडावर दाबला. मी किंचाळले, "मी लिहिलंय ते! त्याने नाही, मी! माझे हात मोडा!"

"वहिनी, घरी जा," पुतण्या म्हणाला, तेही अगदी आदराने. "नवऱ्याले वाचवाले खोटं बोलून राहिल्या तुम्ही. बाया असं लिहीत नसतात." आणि त्याने बांबू हाणला. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्याने पुन्हा हाणला.

माझ्याजवळ पानं कापायचा कोयता होता. मी तो फिरवला. पुतण्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत उभं चिरलं गेलं आणि रक्त माझ्या तोंडावर उडालं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. तो हात धरून खाली बसला, बाकीच्यांनी त्याला उचललं आणि पळाले.

मी म्हणाले, पोलीस ठाण्यात चला. नवऱ्याने डाव्या हाताने माझा पदर धरला. "ठाण्यात गेलो तर गाडी कधीच येणार नाही. माल जाऊ दे आधी." संतापाने मला रडू आलं. पण हात त्याचा मोडला होता, मी त्याचं ऐकलं.

संध्याकाळी आप्पा स्वतः घरी आले. खाटेवर बसले, चहा घेतला. "तुझ्या बाईनं आमचं पोरगं कापलं, पोरानं तुझा हात मोडला. बराबर झालं," ते म्हणाले. "पण गडी पक्का आहे. एवढा मार खाल्ला आन् ठाण्याची पायरी नाही चढला. तू आता आमच्यातला." मी दारातून सांगितलं की लिहिणारी मी होते. आप्पा हसले. तिथेच बसून त्यांनी नवऱ्याला परत ग्रुपात घेतलं. सकाळी आमचा नंबर पहिला होता. मोडलेली झाडं सोडून सगळा माल हिरवा गेला.

नवऱ्याच्या हाताची बोटं वाकडीच जुळली. पण त्यानंतर नवऱ्याने फोन मला दिला नाही. डाव्या अंगठ्याने हळूहळू लिहायला शिकला. "बरं, आप्पा." "बराबर बोलले, आप्पा." पुढच्या वर्षी तो आप्पांच्या ओट्यावर बसायला लागला. ज्याला दोन शब्द बोलताना घाम फुटायचा, तो आता नव्या लोकांना आवाज पाठवायचा, गप बसायचं म्हणून. मी टोकलं की म्हणायचा, "तुला नाही समझणार. मार खाऊन मिळवलीय ही जागा."

त्याच सुमाराला बुऱ्हाणपूरच्या एका रिटायर मास्तरांनी आमच्या शिवारात शेत घेऊन केळी लावली. मास्तर हिंदी बोलणारे, सरळ माणूस. उन्हाळ्यात त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "मेरा नंबर रोज पीछे क्यों जा रहा है? कृपया कोई बताए." कोणी बोललं नाही, तर रोज लिहायला लागले. नवरा मला वाचून दाखवायचा आणि हसायचा. "कालचा आला आन् जबाब मागतो आम्हाले."

एका दुपारी पुतण्याची मोटरसायकल दारात वाजली. नवरा मागे बसून गेला. परत आला तेव्हा सदऱ्यावर केळीचा चीक होता, आणि बाहीवर रक्त होतं. त्याचं नव्हतं.

"कोणाला मारलं?"

"मास्तर. फार लिहीत होता."

"कुठे मारलं?"

तो मोरीत हात धूत होता. "मला मारलं होतं तिथंच," तो म्हणाला.

मी त्याच्यासाठी कोयता चालवला होता, माणूस कापला होता, आणि हा त्याच माणसाच्या मोटरसायकलवर बसून दुसऱ्याची बोटं मोडून आला होता. सकाळी पहिल्या टेंपोने शहरात गेले, मास्तरांचं घर शोधलं. मी कोणाची बायको ते त्यांच्या बायकोने ओळखलं आणि ती दार लावायला लागली. मी पाय मधे घातला. "बहनजी, ठाण्यात चला," मी म्हणाले, "नावं मी सांगते."

मी दोन नावं सांगितली. एक आप्पांच्या पुतण्याचं, एक नवऱ्याचं. दोघांना त्याच दिवशी नेलं आणि जामिनावर सोडलं. नवरा घरी आला आणि त्याने माझ्यावर हात उचलला. जन्मात मी त्याला अहो सोडून हाक मारली नव्हती. त्या दिवशी म्हणाले, "मार. ठाण्याचा रस्ता आता मला पाठ आहे. तू मार फक्त." हात तसाच वर राहिला आणि मग खाली आला.

आम्हाला ग्रुपातून काढलं ते कायमचं. गाडी आमच्या बांधावरून जायची, थांबायची नाही. आठवड्याभरात अख्खा मळा पिवळा पडला. घड सडून गळायला लागले, वटवाघळं आली, वास घरात येऊन बसला. नवरा बांधावर बसून राहायचा. एकदा म्हणाला, "तुझ्यापायी सगळा माल गेला."

"गेला," मी म्हणाले. "आता मास्तरांकडे चल, पाय धर त्यांचे."

तो आला नाही. केळी आम्ही काढून टाकली, आता कापूस लावतो, त्याला कोणाचा नंबर लागत नाही. मी त्याला रोज जेवायला वाढते आणि वाढताना विचारते, मास्तरांकडे कधी जायचं. तो खाली मान घालून जेवतो.