काकांच्या ट्रॅक्टरचा जाळ

पेट्रोलच्या यंत्रांविरुद्ध पत्रकं लिहून वाटायची आणि राहायचं अशा घरी, जिथे मागच्या अंगणात माझ्या वडिलांपेक्षा म्हातारा पेट्रोल ट्रॅक्टर उभा आहे. माझी वैचारिक निष्ठा ही अशी. पण इथे परदेशात, मॉरिसव्हिलच्या आसपास विद्यार्थ्याला परवडेल अशी दुसरी खोली नव्हती, आणि या घरच्या काकू रोज आमटी द्यायच्या. क्रांतीलाही जेवावं लागतं.

घरमालक काका निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ. या वयात लोक गोल्फ खेळतात. काकांनी पाइनची झाडं असलेली जमीन घेतली आणि चाकांऐवजी रणगाड्यासारखे लोखंडी पट्टे असलेला हा ट्रॅक्टर. आयुष्यभर इतरांना ‘दगदग नको’ म्हणून बजावत आलेला माणूस त्यावर बसून पडलेले ओंडके ओढत हिंडायचा. आणि खोटं कशाला बोलू, तेवढा वेळ फार सुखी दिसायचा.

त्या ऑक्टोबरात ट्रॅक्टरच्या धुराड्यातून जाळ यायला लागला. धूर नव्हे, जाळ. हातभर, नारिंगी. खाली पाइनच्या सुईसारख्या वाळक्या पानांचा थर, पलीकडे लाकडी घर. काकूंनी फर्मान काढलं, “शनिवारी काय ते रिपेअर करा. परत जाळ दिसला तर सोमवारी भंगारवाला घेऊन जाईल. मी बोलून ठेवलंय त्याच्याशी.”

मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. मग काकांचा चेहरा बघितला आणि टाळ्या आवरत्या घेतल्या.

शनिवारी काकांचे दोन मित्र आले. दोघेही निवृत्त इंजिनियर, एक पूल बांधणारे, एक सॉफ्टवेअरवाले. यंत्राचं ग्रीस दोघांनीही फक्त चित्रात पाहिलेलं.

“टायमिंग मागे पडलंय,” पूलवाले म्हणाले. “ठिणगी उशिरा पडते, पेट्रोल धुराड्यात जाऊन जळतं.”

“छे यार, कार्बोरेटर जास्त पेट्रोल सोडतोय.”

“तुमच्या सॉफ्टवेअरला कार्बोरेटर असायचा का?”

“आणि तुमच्या पुलाला टायमिंग?”

टायमिंग तपासलं, बरोबर निघालं. कार्बोरेटर उघडून पुसला. काकांनी तर स्टेथोस्कोप आणून इंजिनाला लावला आणि गंभीरपणे म्हणाले, “ठोके नियमित आहेत.” ट्रॅक्टर सुरू केला. भस्सकन जाळ. काकू पाण्याचा होज घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी खिशातल्या फोनवर हात ठेवला.

इंजिन बंद केलं. काका पट्ट्यावर बसले आणि त्यांनी लोखंडावरून हात फिरवला, निरोप देतात तसा. मला ते बघवेना. अन्यायाविरुद्ध पत्रक काढायचं तर आम्ही आधी विचारतो, हे सुरू कधी झालं? तेच विचारलं.

“काका, डॉक्टर ना तुम्ही? पेशंटची हिस्टरी घेतलीत का? हे कधीपासून होतंय?”

काका थबकले. “दसऱ्यापासून.”

“दसऱ्याला काय केलंत?”

“काय करणार? पूजा केली. हळदकुंकू, नारळ, झेंडूचा हार.”

“हार कुठे घातलात?”

“धुराडं तापतं, हार जळेल, म्हणून शेजारच्या पाइपला गुंडाळला.”

शेजारचा पाइप म्हणजे इंजिनाचं नाक. हवा तिथूनच आत जाते. त्याच्या टोपीची जाळी गंजून फाटलेली, आणि तिच्यावर वाळलेला हार अजून लटकत होता, म्हणजे अर्धाच. तीन उच्चशिक्षित पुरुष सकाळपासून त्या हाराला धक्का लागू न देता काम करत होते. देवाचा हार, कोण हलवणार?

उरलेला अर्धा आत सापडला. हवेच्या गाळणीत झेंडूच्या पाकळ्यांचा कुजका, तेलकट गोळा बसला होता. हवा नाही, म्हणून पेट्रोल अर्धवट जळायचं आणि राहिलेलं बाहेर पडताना धुराड्यात पेटायचं.

“म्हणजे पेट्रोल जास्तच होतं,” सॉफ्टवेअरवाले म्हणाले. “मी म्हटलंच होतं.”

“तुम्ही कार्बोरेटर म्हटलं होतं.”

गाळणी धुतली, तिच्यातलं तेल बदललं, टोपीला नवी जाळी बांधली. काकांनी ट्रॅक्टर सुरू केला. तो खोकला, काळं ओकला, मग एका लयीत धडधडू लागला. धुराड्यावर नुसती हवा थरथरत होती. काकूंनी बराच वेळ होज रोखून धरला, शेवटी खाली केला आणि भंगारवाल्याला फोन लावून येऊ नको म्हणून सांगितलं.

“पुढच्या दसऱ्याला याला फक्त कुंकू,” त्या काकांना म्हणाल्या.

“आणि हार?”

“तुम्हीच गळ्यात घाला. तुम्हाला निदान शिंक तरी येते.”

काकांना हे ऐकूच गेलं नाही. ते ट्रॅक्टर घेऊन ओंडक्याकडे निघाले होते.