मामांची मांडी

अख्ख्या चेन्नईत आमच्या घरमालक मामांइतका निर्व्यसनी माणूस नाही, आणि दारुडा म्हणून त्यांच्याइतकी बदनामीही कुणाची झाली नसेल. तंजावरकडचं मराठी घराणं, राहायला अड्यार. उमेदीची वर्षं समुद्राच्या तळाशी तेलाच्या पाइपांचे नट आवळण्यात गेली. तिथे पाण्याचा दाब असा, की धडधाकट माणसाचेही हात थरथरू लागतात. त्यात इतक्या खोलातून माणसाला थांबत थांबत वर आणायचं असतं, पण एकदा वादळ आलं म्हणून त्यांना घाईघाईने वर काढलं. तेव्हापासून पाय डळमळतात आणि हातांची थरथर कायमची राहिली. कंपनीच्या डॉक्टरने वयाचं कारण सांगून हात झटकले. मामा तेव्हा चाळिशीतसुद्धा नव्हते. असल्यांना डॉक्टर करतं कोण?

वर जायची घाई मामांना तेव्हापासून सोसत नाही. लिफ्ट सोडून जिन्याने चढतात आणि प्रत्येक मजल्यावर थांबतात. एकदा गिंडीच्या कारखान्यातून मी दमून आलो, तर मलाही पहिल्या मजल्यावर अडवून "मेदुवा, मेदुवा" म्हणजे सावकाश, सावकाश, असं बजावत राहिले. कॉफीचा पेला अर्धाच भरतात, आणि सांडली की पेल्यालाच रागावतात.

गेल्या महिन्यात त्यांच्या भाचीच्या मुलीचे कान टोचायचे होते. बाळाला मामाच्या मांडीवर बसवायची रीत. भाचीला भाऊ नाही, तेव्हा तो मान यांचाच. पण सासरकडच्यांची कुजबूज सुरू झाली, की हे सकाळीच पिऊन आलेत, सुई भलतीकडे जाईल. माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तोच भाचीची सासू बाळ उचलायला पुढे झाली. मामांनी बाळ सोडलं नाही. भांडलेही नाहीत, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. मला जवळ बोलावून म्हणाले, "गुडघे दाबून धर रे. खाली पाण्यात आम्ही असंच करायचों. एकाचा हात हलला की दुसरा धरायचा."

मी जमिनीवर बसलो आणि त्यांचे गुडघे दाबून धरले. भाचीने बाळाचं डोकं धरलं. सोनाराने एक कान टोचला, मग दुसरा. बाळ रडलं, पण सुई नेमकी जागी गेली. माफी कुणी मागितली नाही. सगळे पानांवर जाऊन बसले.

रडून रडून बाळ मांडीवरच झोपलं. मी हात काढू लागलो तेव्हा मामा हळूच म्हणाले, "राहूं दे थोडं. उठली तर नेतील."

बाळ पुन्हा त्यांच्या मांडीवर कुणी देईल असं मला वाटत नव्हतं. त्यांनाही वाटत नसावं. माझ्या तळव्यांखाली ते गुडघे थरथरतच होते. पायांना मुंग्या आल्या तरी मी तसाच धरून बसलो.