जास्तीचा वारा

परळच्या एका काचेच्या इमारतीत बसून मी समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या कर्जाचं गणित मांडते. जिथून जमीन दिसतही नाही अशा ठिकाणी पाण्यावर तरंगणारं एक यंत्र वारा मोजतं आणि त्याचे आकडे माझ्या स्क्रीनवर येतात. दुपारी डोळे जड झाले की त्या पवनचक्क्यांचे खांब मला दिसू लागतात. समुद्राच्या तळात रोवलेले, पांढरे, वर सावकाश फिरणारी पाती. अजून एकही उभा राहिलेला नाही, तरी मला त्यांची सवय झाली आहे.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. बँक सरासरी वाऱ्यावर विसंबत नाही. वाऱ्याचं वाईट वर्ष धरायचं आणि त्यातही हप्ते फिटतात का ते पाहायचं. ही खोड मी घरीही आणली.

बाबांची छाती गिरणीतल्या कापसाच्या धुरळ्याने गेलेली. डॉक्टर म्हणाले, जिना जपून. मी ते 'जिना बंद' असं धरलं. लालबागच्या आमच्या चाळीला लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. बाबांना एकदा दादरच्या चौपाटीवर जाऊन बसायचं होतं. मी विषय टाळत राहिले.

एका रविवारी गॅलरीत बसून त्यांनी माझं काम समजून घेतलं.

"वाईट वर्साचो वारो धरलंस. आणि बरा वर्स इला तर? जास्तीचो वारो कोणाचो?"

"मालकाचा," मी म्हटलं.

"मगे माझ्या दमाचो मालक कोण? डॉक्टर, की तू?"

मी घडीचं स्टूल काखेत मारलं. मी चप्पल घातली.

चौपाटीवर ते बराच वेळ डोळे मिटून बसले. मग त्यांनी विचारलं, तुझ्या पवनचक्क्या कुठे होणार? मी उत्तरेकडे बोट दाखवलं. त्या धुरकट पाण्याकडे ते असे बघत राहिले, जणू पाती फिरू लागलीच आहेत. मलाही तसंच वाटलं.

परतताना प्रत्येक मजल्यावर मी त्यांच्यासाठी स्टूल मांडत होते. आमच्या दाराखालच्या जिन्याच्या वळणावर त्यांचा श्वास अडकला, ते पायरीवरच बसले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती. हळूहळू त्यांची छाती खाली-वर व्हायला लागली.

"घाबरलंस?"

"हो, बाबा."

कठडा धरून ते उठले. "हो दम जास्तीचो, गो. बँकेक सांगू नको."